एक तोटी आणि चौघांचा व्हॉल्व्ह

अंगणातली जुनी तोटी आपण स्वतः, आपल्या हातांनी बदलायची, असं बापूंनी शनिवारी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता ठरवलं. कुणालाही न विचारता ठरवलं. बापू ऑफिसात हेडक्लार्क, आणि तिथे पेन्सिलीला टोक करायचं झालं तरी ते साहेबांच्या कानावर घालून करतात. त्यामुळे हा निर्णय ऐकून त्यांच्या बायकोचा ताटली पुसणारा हात जागच्या जागी थांबला.

"काय बदलणार?"

"तोटी."

"कोण?"

"मी."

"अहो, मागे बल्ब बदलायला गेलात तेव्हा..."

"बल्बचा विषय वेगळा होता," बापू म्हणाले. (वेगळा होताच. बल्ब बदलताना सगळ्या घराचा फ्यूज उडाला होता. तोटीला फ्यूज नसतो, एवढा विचार बापूंनी आधीच करून ठेवला होता.)

एरवी बायकोने त्यांना एवढ्यावर सोडलं नसतं. पण तोटी का बदलायची हे तिला न सांगता कळलं होतं.

कारण होते नाना. नाना म्हणजे तिचे वडील, बापूंचे सासरे. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, सासूबाई गेल्यावर लेकीकडे राहायला आले आणि 'जावईबापू, जावईबापू' म्हणता म्हणता त्यांनीच जावयाचं 'बापू' करून टाकलं. घरामागचं अंगण नानांनीच उभं केलेलं. भिंतीलगत गुलाब, अलीकडे टोमॅटोचा वाफा, तोटीपाशी पुदिना. मग गेल्या वर्षी आजारपण आलं. नाना त्यातून उठले, काठी घेऊन चालायलाही लागले, पण उजव्या हाताची मूठ काही नीट उघडेना आणि मिटेना. आणि ती तोटी तर धडधाकट माणसाचाही घाम काढणारी. ती उघडायला दोन्ही हात लागत, एक पाय भिंतीला टेकवावा लागे आणि तोंडाने काहीतरी पुटपुटावं लागे. (बापू काय पुटपुटत ते नानांना नेमकं त्याच वेळी ऐकू येत नसे.) उघडली की धो धो, आणि कितीही आवळून बंद केली तरी टप टप टप.

सुरुवातीला नाना मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून, दुसरं कुणी पाणी घालतंय ते बघत बसायचे. मग तिथे येणंही त्यांनी कमी केलं. आणि परवा जेवताना, भाताकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी आता थोरलीकडे जाऊन राहीन म्हणतो."

"का? इथे काय कमी आहे?" धाकटी, म्हणजे बापूंची बायको, दचकलीच.

"कमी काही नाही गं. पण माझा इथे उपयोग काय? रोपाला तांब्याभर पाणी घालायचं तर तुला हाक मारायची. थोरली वरच्या मजल्यावर राहते. तिथे अंगणच नाही, म्हणजे जीव जळायलाही काही नाही."

फोन झाला. थोरलीचे यजमान, बापूंचे साडू, रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाले. नानांची बॅग भरून दाराशी उभी राहिली. येता-जाता ती बॅग दिसली की बापू तिला लांबून वळसा घालून जायचे. कुणाला वाटेल, सासरा जातोय म्हणून जावयाला एवढं काय व्हायचं? पण साहेब आज काय बोलले आणि आपण मनातल्या मनात त्यांना काय बाणेदार उत्तर दिलं, हे रोज संध्याकाळी शेवटपर्यंत ऐकून घेणारा आणि "शाबास बापू!" म्हणणारा या जगात एकच माणूस होता. तो उद्या दुसऱ्या मजल्यावर राहायला जाणार होता.

आणि शनिवारी ऑफिसातून येताना हार्डवेअरच्या दुकानात बापूंना ती तोटी दिसली. चकचकीत, लांब चपट्या दांडीची. दुकानदाराने ती एका गिऱ्हाईकाला एका बोटाने उघडून दाखवली होती. डाव्या हाताच्या करंगळीने! बापू घरी येईपर्यंत चहाची तल्लफसुद्धा विसरले होते.

"नानांना एकट्याला पाणी घालता आलं ना," ते बायकोला म्हणाले, "तर बघू कसे जातात ते."

बायकोचे डोळे भरून आले. तिने ते पदराने टिपले आणि म्हणाली, "पण व्हॉल्व्ह आठवणीने बंद करा हं."

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी बापू दुकानाच्या पायरीवर हजर.

"कुठल्या मापाची देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"मध्यम," बापू म्हणाले.

"मध्यम? साहेब, हा शर्ट नाही. पाइप केवढा आहे?"

बापूंनी अंगठा आणि बोट जुळवून एक गोल केला आणि तो हवेत तसाच धरून ठेवला. दुकानदाराने त्या गोलात एक तोटी घालून पाहिली. ती गेली नाही. दुसरी घातली, ती बसली. अशा रीतीने माप ठरलं, आणि पांढऱ्या टेपचं एक रीळ आणि एक जाडजूड पाना घेऊन बापू ताठ मानेने घरी निघाले. वाटेत दोन ओळखीचे भेटले. पिशवीत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, तरी बापूंनी सांगितलं.

आता पुढे जायच्या आधी या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. (सांगूनही वाटेल, पण तो भाग वेगळा.) या घरातली तिन्ही माणसं एकमेकांवर जीव टाकणारी आणि अतिशय संशयी. एकाने केलेलं काम नीट झालंय ना, हे दुसरा हमखास तपासणार. पण तोंडाने चकार शब्द काढणार नाही. समोरच्याचं मन दुखावेल ना! बापू कुलूप लावतात; बायको 'रुमाल राहिला' म्हणून मागे फिरते आणि कुलूप ओढून बघते. बायको भाजी करते. नाना येऊन 'हिला मीठ घालायचं राहिलेलं दिसतंय' असं मनाशी म्हणून चिमूटभर टाकतात. त्यांच्या मागून बापू येतात. मग जेवताना तिघेही पाण्याचे पेले रिचवत 'भाजी फक्कड झालीय' म्हणत राहतात.

दुसरी सांगायची गोष्ट म्हणजे तो व्हॉल्व्ह. घराच्या कुशीला एक अरुंद बोळ आहे, तिथे गच्चीवरच्या टाकीचा पाइप खाली येतो. त्यावरचा हा व्हॉल्व्ह बंद केला की अंगणातली तोटी आणि न्हाणीघर, दोन्हींचं पाणी बंद. स्वयंपाकघराची लाइन निराळी. व्हॉल्व्हची मूळची दांडी कधीच तुटलेली. उरला होता नुसता चौकोनी खुंट, आणि तो फिरवायला एक जुना पाना सुतळीने तिथेच खिळ्याला टांगलेला. पाना लावून खुंटाला पाव फेरा दिला की उघडा असेल तर बंद, बंद असेल तर उघडा. कुठल्याही बाजूला फिरवा, फरक नाही. आणि नुसतं बघून, तो आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ते कळायची एकच खूण होती, आणि ती म्हणजे अंगणातली टपटप. टपटप चालू तर व्हॉल्व्ह उघडा.

दुपारी जेवणं झाल्यावर बापूंनी जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बोळात जाऊन व्हॉल्व्हला पाव फेरा दिला आणि अंगणात येऊन तोटीसमोर बैठक मारली. ओट्यावर नाना खुर्चीत होते. आज शेवटचा दिवस म्हणून ते बाहेर आले होते.

"बापू, कशाला एवढा त्रास घेता? मी तर आता चाललो."

"तुमच्यासाठी नाही हो नाना, तोटी खराबच झाली होती," बापू खोटं बोलले. त्यांना खोटं बोलता येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात. नानांनी त्या पाळ्या पाहिल्या आणि चष्मा पुसायला घेतला.

बापूंनी पाना लावला. तोटी हलेना. मग आत जाऊन त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणली. परत येताना त्यांना बायको बोळातून येताना दिसली.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही, मांजर ओरडतंय का बघत होते," ती म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

तोटीच्या सांध्यावर तेल सोडून बापू ते मुरायची वाट बघत बसले. बसल्या बसल्या जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा ओट्यावरची खुर्ची रिकामी होती आणि काठीची टक टक लांबून कुठूनतरी ऐकू येत होती. नाना आत जाऊन पडले असतील, असं बापूंना वाटलं. थोड्या वेळाने नाना दम लागल्यासारखे येऊन खुर्चीत टेकले.

बापूंनी नव्याने कंबर कसली. दोन्ही हातांनी पाना धरला, पाय भिंतीला लावला, तोंडाने पुटपुटले, आणि तोटी कुरकुरली! जराशी फिरली! बापूंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. आता शेवटचा जोर लावणार, तेवढ्यात तोटीतून एक थेंब पडला. टप.

बापू थबकले. आणखी एक. टप.

'म्हणजे आपण व्हॉल्व्ह बंद केलाच नाही की काय?' केला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण कुलूप लावल्याचंही त्यांना नेहमी पक्कंच आठवतं. नानांच्या देखत 'माझा माझ्यावर विश्वास नाही' असं म्हणणं बरं दिसेना. तेव्हा "पाणी पिऊन येतो" असं मोठ्याने म्हणून ते उठले, चोरपावलांनी बोळात गेले, व्हॉल्व्हला पाव फेरा दिला, खात्रीचा सुस्कारा सोडला आणि परत येऊन तोटीला शेवटचा हिसका दिला.

तोटी निघाली. नुसती निघाली नाही, बंदुकीतून सुटावी तशी सुटली, बापूंच्या कानाजवळून गेली आणि बादलीवर आपटून ठण्ण वाजली. मागोमाग पाण्याचा असा फवारा उसळला की बापू होते तिथून उताणे होऊन पुदिन्यात गेले.

"अगं एऽऽ! धाव!"

बायको धावली. बापूही उठून, घसरून, पुन्हा उठून धावले. एका माणसाच्या रुंदीच्या त्या बोळात दोघे एकदम शिरले आणि अडकले. कसाबसा हात पुढे काढून बापूंनी पाना फिरवला.

"केला?" बायको ओरडली.

"केला!"

पण पाइपात साठलेलं पाणी अजून सळसळत होतं. ती सळसळ ऐकून बायको म्हणाली, "कुठे केलात? सरका!" आणि तिने पाना हिसकावून पाव फेरा दिला. अंगणात पाणी पुन्हा उसळल्याचा आवाज आला.

"आता बघा, मी केला," बायको म्हणाली.

"थांबलं! थांबलं!" अंगणातून नानांचा आवाज आला.

दोघे परत येऊन बघतात तो काय! नाना खुर्चीत नव्हते. ते त्या चिखलात, पाइपासमोर, पाय रोवून उभे होते. काठी उलटी नाही, सुलटीही नाही, आडवी! काठीच्या टोकाचं रबरी बूच त्यांनी पाइपाच्या तोंडात दाबून धरलं होतं आणि दोन्ही हातांनी, हो, दोन्ही हातांनी, ते काठीवर रेलले होते. काठी तिथे गुंतलेली, म्हणजे नाना नुसत्या आपल्या पायांवर उभे. चष्म्यावरून पाणी निथळत होतं आणि शाळेतल्या वर्गावर नजर ठेवावी तसे ते पाइपाकडे बघत होते.

"नाना!" बायको ओरडली.

नेमकं त्याच वेळी मागचं फाटक वाजलं आणि साडूसाहेब आत आले. मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात गाडीची किल्ली. नाना पडले जुन्या वळणाचे. थोरला जावई दारात आल्यावर त्याचं स्वागत करायला नको?

"या, या! केव्हा निघालात?" म्हणत नानांनी हात जोडले. हात जोडायचे म्हणजे काठी सोडणं आलं.

पुढचं वर्णन साडूसाहेबांच्या मानाला शोभणारं नाही, म्हणून करत नाही. शेवटी त्या निथळत्या माणसानेच बोळात जाऊन व्हॉल्व्ह फिरवला. पाणी थांबलं. चौघेही अंगणात एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"व्हॉल्व्ह बंद न करता तोटी काढलीत?" साडूंनी शर्ट पिळत विचारलं.

"बंद केला होता," बापू म्हणाले. "बसायच्या आधी."

"अहो, मला खिडकीतून टपटप दिसली," बायको हळूच म्हणाली. "मला वाटलं तुम्ही विसरलात. म्हणून मी जाऊन बंद केला."

"म्हणजे उघडलास! पण मग पाणी तेव्हाच..."

"तो मी बंद केला," नाना म्हणाले. "टपटप मलाही दिसली होती. तुम्हाला डुलकी लागलेली, उठवणं बरं वाटेना."

"मग शेवटी उघडला कुणी?" साडूंनी विचारलं.

बापूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तिघांनी मिळून चार वेळा बंद केला," साडू म्हणाले. "अहो, बंद केल्यावरही पाइपातलं पाणी थोडा वेळ ठिबकत राहणारच. न्हाणीघरातला नळ सोडून बघायचा की! आलं पाणी तर उघडा, नाही आलं तर बंद. एवढं साधं..."

हे इतकं साधं होतं की तिघेही आपापल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघू लागले. पण बापूंच्या डोक्यात दुसरंच काहीतरी फिरत होतं.

"नाना," ते म्हणाले, "तुम्ही बोळापर्यंत गेलात? एकटे? ओट्याच्या पायऱ्या उतरून?"

नानांनी मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं. आपण हे केलंय हे त्यांना आत्ता कळत होतं. आजारपणानंतर त्या पायऱ्या ते कुणाच्या आधाराशिवाय उतरले नव्हते. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग पुदिना चिकटलेल्या बापूंकडे, मग साडूंच्या शर्टाकडे, आणि त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग आवाज. बायकोने कितीतरी दिवसांनी वडिलांचं हसणं ऐकलं होतं. ती हसत हसतच रडायला लागली.

तोटी बापूंनीच बसवली. साडूंनी पुढे केलेला हात नानांनी अडवला. "बापू बसवतील. त्यांनी आणलीय." पांढरी टेप गुंडाळताना ती अर्धी बोटांभोवती गुंडाळली गेली, आणि तोटी आवळून झाल्यावर दिसलं की ती किंचित तिरपी, मान वळवून शेजारच्यांकडे बघत असल्यासारखी बसली आहे. बापूंचा चेहरा पडला.

नानांनी डोकं कलतं करून, एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. "असू द्या. सरळ काढलेलं चित्र मेलेलं दिसतं. हिच्यात जीव आहे."

व्हॉल्व्ह उघडला. नाना पुढे झाले. डाव्या हाताचं बोट त्यांनी दांडीजवळ नेलं, पण मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते मागे घेतलं आणि उजव्या हाताची ती अर्धवट मिटलेली मूठ दांडीवर ठेवून हलकेच ढकललं. पाणी आलं. उलट ढकललं, थांबलं. एक थेंब म्हणून गळला नाही. नानांनी पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं, नव्या खेळण्याशी खेळावं तसं. मग झारी भरली आणि अंधार पडेपर्यंत गुलाबांना, टोमॅटोंना आणि बापूंनी भुईसपाट केलेल्या पुदिन्यालासुद्धा पाणी घातलं.

चहा झाला. बापूंचा शर्ट घालून बसलेल्या साडूंनी उठून दाराशी असलेली बॅग उचलली.

"ती आत ठेवा," नाना म्हणाले. "टोमॅटो लाल झाल्याशिवाय मला यायला जमायचं नाही."

"आणि लाल झाल्यावर?"

"मग गुलाब छाटायला येतात. आणि खरं सांगू का? मी गेलो तर या घरात व्हॉल्व्ह बंद झाला की नाही हे बघायला कोण आहे?"

बापूंना इतका आनंद झाला की ते उठून खिडकीबाहेर बघत राहिले. बायको आत जाऊन कारण नसताना भांडी वाजवू लागली. निघण्यापूर्वी साडूंनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं, की यापुढे व्हॉल्व्हला हात लावला तर तोंडाने मोठ्यांदा सांगायचं. सगळ्यांनी मान डोलावली.

सोमवारी सकाळी बापू ऑफिसची घाई म्हणून लवकर अंघोळीला बसले. अंगाला, तोंडाला भरपूर साबण लावला, डोळे मिटून नळ सोडला. नळ म्हणाला, खर्रर्र. पाणी नाही.

झालं होतं असं, की नवी तोटी टपकत नव्हती. तोटी टपकत नाही म्हणजे व्हॉल्व्ह बंद, हे या घराच्या हाडीमांसी मुरलेलं. तेव्हा रात्री निजण्यापूर्वी कुणा भल्या माणसाने तो 'उघडून' ठेवला होता. (कोण ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. साडूसाहेब गाडीत बसण्यापूर्वी क्षणभर बोळाकडे गेले होते, एवढं मात्र खरं.)

बापू हाक मारणार, तोच बोळात बायकोच्या चपला वाजल्या. नळाला भसकन पाणी आलं. बापूंनी ओंजळ पुढे केली, तेवढ्यात काठीची टक टक आली आणि पाणी गेलं. साबणाने डोळे चुरचुरत होते, तरी ती टक टक बापूंना एवढी गोड वाटली की ते तसेच बसून राहिले. मग मात्र टॉवेल गुंडाळून बाहेर आले.

बोळात बायको आणि नाना दोघेही एकमेकांची नजर चुकवत उभे होते.

"बापू, घोटाळा मिटला," नाना म्हणाले. "आता उघडा आहे. हिने उघडलेला मीच चुकून बंद केला होता, म्हणून पुन्हा फिरवला आणि, कबूल केल्याप्रमाणे, मोठ्यांदा सांगतोय. जा, निश्चिंत अंघोळ करा."

"तुम्ही सांगितलंत ना नाना, मग विषय संपला," बापू म्हणाले.

बायको स्वयंपाकघरात गेली, नाना झारी घेऊन गुलाबांकडे गेले. बापूंनी एकवार नव्या तोटीकडे पाहिलं. कोरडी ठणठणीत. एक थेंब नाही. ते अगदी निश्चिंत मनाने न्हाणीघरात आले, कडी लावली, डोळे मिटले आणि नळ सोडला.

खर्रर्र.

बापूंनी साबणाने माखलेला एक डोळा उघडला. त्यांच्या उजव्या हातात सुतळीसकट बोळातला पाना होता.